२२३ वेळा ‘नाही’

माझी भाची कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. राहते पिंपरीत, संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनच्या मागे. आम्ही वनाझला. महिन्यातून एक-दोन रविवारी ती जेवायला येते आणि ताटं उचलली की त्या जागी लॅपटॉप येतो. त्या दिवशीचा गृहपाठ असा होता: दोन याद्या घ्या आणि दोन्हींत सामाईक असलेल्या गोष्टी शोधून काढा. वर्गातल्या बहुतेकांनी फळांची नावं घेतली होती. हिनं पुणे मेट्रोची स्टेशनं घेतली, कारण येताना तीच पाहत आली होती.

निवड झकास. ॲक्वा लाइन वनाझहून रामवाडीला जाते, तिच्यावर १६ स्टेशनं. पर्पल लाइन पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून (पीसीएमसी) स्वारगेटला, तिच्या यादीत १४. दोन्हींत असलेलं स्टेशन एकच, जिल्हा न्यायालय. तिथं उतरायचं आणि गाडी बदलायची. म्हणजे प्रोग्रॅमनं काय म्हणायला हवं ते आधीच ठाऊक. नवशिक्यानं नेहमी असंच उदाहरण घ्यावं. उत्तर माहीत नसलं की चुकीचं उत्तरही खरं वाटतं.

पण हिचा चेहरा पडलेला. “मामा, हे बघ ना. नुसतं नाही-नाही करतंय.”

स्क्रीनवर खरंच ‘नाही’ची रांग लागली होती. वर सरकवत गेलो तर बऱ्याच वेळानं मध्येच एक ‘आहे’ दिसलं आणि त्याखाली पुन्हा ‘नाही’ सुरू.

“किती वेळा नाही म्हणालाय, मोजलंस?”

“कोण मोजेल!”

मोजायची गरज नव्हती. १६ गुणिले १४ म्हणजे २२४. त्यातली एक जोडी जुळली. उरले २२३.

तिनं लिहिलेला प्रोग्रॅम मराठीत मांडला तर असा होता:

ॲक्वाच्या यादीतल्या प्रत्येक ‘अ’साठी:
    पर्पलच्या यादीतल्या प्रत्येक ‘प’साठी:
        जर अ आणि प सारखे असतील तर: ‘आहे’ छाप
        नाहीतर: ‘नाही’ छाप

वाचताना यात काही खटकत नाही, म्हणून तर ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतोच. वनाझ घेतलं. पीसीएमसीशी ताडून पाहिलं, जुळलं नाही, ‘नाही’ छापलं. संत तुकाराम नगरशी ताडलं, पुन्हा ‘नाही’. भोसरीशी ताडलं, ‘नाही’. असं स्वारगेटपर्यंत. एका वनाझसाठी १४ वेळा नकार. मग आनंदनगर घेतलं आणि पुन्हा पीसीएमसीपासून सुरुवात.

तिला म्हटलं, तू तुळशीबागेत मॅचिंगचं ब्लाउजपीस शोधायला गेलीयस असं समज. पहिल्या दुकानात तो रंग नव्हता. तू लगेच आईला फोन करून “नाही मिळत” म्हणशील का? पहिल्या दुकानात नाही, एवढंच तुला कळलंय. सगळी दुकानं पालथी घातल्याशिवाय ‘मिळत नाही’ म्हणता येत नाही. ‘मिळालं’ मात्र कुठल्याही दुकानातून म्हणता येतं. मिळालं की शोध तिथंच संपला.

या दोन उत्तरांची किंमत सारखी नाही. ‘आहे’ म्हणायला एक जुळणी पुरते, ‘नाही’ म्हणायला अख्खी यादी संपवावी लागते. भाचीच्या प्रोग्रॅमनं हा फरकच पुसून टाकला होता. प्रश्न होता ‘वनाझ पर्पल लाइनवर आहे का’, आणि ती उत्तर देत होती ‘वनाझ म्हणजे भोसरी का’ या प्रश्नाचं.

दुरुस्ती छोटीशीच. आतली, म्हणजे पर्पलची, फेरी सुरू होण्याआधी ‘सापडलं’ नावाचं एक खूणपत्र ठेवायचं, सुरुवातीला त्यावर ‘खोटं’. जुळणी झाली की ते ‘खरं’ करायचं आणि आतल्या फेरीतून तिथंच बाहेर पडायचं. ‘सापडलं’ अजूनही ‘खोटं’ आहे का, हे बघायचं आणि असेल तर ‘नाही’ छापायचं, ते आतली फेरी संपल्यावर, तिच्या बाहेर येऊन. ती वापरत होती त्या पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आत-बाहेर हे ओळीच्या डावीकडच्या मोकळ्या जागेवर ठरतं. त्यामुळे एखादी ओळ चार स्पेस उजवीकडे गेली तरी पुन्हा २२० ‘नाही’ येतात. भाचीनं आठव्या प्रयत्नात ते बरोबर केलं. (पहिल्या सात प्रयत्नांत मी गप्प बसलो, याचं श्रेय मला मिळायला हवं.)

आता स्क्रीनवर १६ ओळी आल्या: पंधरा ‘नाही’ आणि एक ‘आहे’.

“झालं!” ती म्हणाली.

गृहपाठापुरतं झालं होतं. पण पडद्यामागे किती काम झालं, ते बघू. वनाझपासून पुणे महानगरपालिकेपर्यंतच्या आठ स्टेशनांसाठी प्रत्येकी १४ तुलना, म्हणजे ११२. नववं जिल्हा न्यायालय. ते पर्पलच्या यादीत अकरावं आहे, म्हणून तिथं ११ तुलनांत सुटका. मग मंगळवार पेठ ते रामवाडी अशी सात स्टेशनं, पुन्हा प्रत्येकी १४, एकूण ९८. बेरीज २२१. एवढा खटाटोप करून २२४ मधल्या तीनच वाचल्या. कारण सरळ आहे. ‘आहे’चं उत्तर स्वस्त झालं, पण असं उत्तर एकच होतं. पंधरा वेळा ‘नाही’ म्हणायचं होतं आणि त्या प्रत्येकासाठी पूर्ण यादी चालावी लागली.

दोन याद्यांतलं सामाईक शोधणं हे बहुतेक वेळा असंच असतं. बहुतेक गोष्टी सामाईक नसतात. मशीनचा वेळ सापडण्यात जात नाही, ‘नाही’ म्हणण्यात जातो. म्हणून यापुढे जे काही शिकायचं, ते ‘नाही’ स्वस्तात कसं म्हणायचं, एवढंच. पुण्यातल्या दुकानदाराला ही कला उपजत असते. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचं ‘नाही’ तयार असतं. कॉम्प्युटरला ती शिकवावी लागते.

१६ आणि १४ मध्ये हे जाणवत नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. पण दोन्ही याद्या एकेक लाखाच्या आहेत असं धरा. एका विद्यापीठात परीक्षेला बसलेले आणि दुसरीकडे प्रवेश अर्ज भरलेले, असं काहीतरी. एक लाख गुणिले एक लाख म्हणजे एक हजार कोटी तुलना. मशीन सेकंदाला एक कोटी तुलना करतंय असं मानलं तरी हजार सेकंद, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं. आणि याद्या दुप्पट झाल्या की वेळ चौपट. एका यादीत घातलेली भर दुसऱ्या यादीच्या प्रत्येक नावामागे मोजावी लागते, हे नवशिक्याला सवयीनंच कळतं.

इथं भाचीनं एक शहाणपणाची गोष्ट केली, किंवा तिला तसं वाटलं. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की आतली फेरी लिहायचीच नाही. पायथॉनमध्ये ‘इन’ हा शब्द आहे. ‘जर अ पर्पलमध्ये असेल तर’ असं एका ओळीत लिहिता येतं. तिनं लिहिलं. चार ओळींचं काम एका ओळीत आलं, उत्तर तेच.

“बघ, आता फास्ट झालं.”

वेळ थोडा वाचला असेल, काम वाचलं नव्हतं. पर्पल ही साधी यादी असेल तर ‘इन’ आतल्या आत तेच करतं: पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जातं. फेरी दिसेनाशी झाली, थांबली नाही. मोलकरीण केर काढते म्हणून घरात केर होत नाही असं नव्हे. ओळी कमी झाल्या म्हणजे काम कमी झालं, हा समज मी नोकरीत दहा-दहा वर्षं काढलेल्या लोकांतही पाहिलाय.

काम खरंच कमी करायचं तर याद्यांची मांडणी बदलावी लागते. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला जुना रस्ता, कागदावरही चालणारा. दोन्ही याद्या बाराखडीप्रमाणे लावून घ्यायच्या आणि दोन्हींच्या पहिल्या नावावर एकेक बोट ठेवायचं. दोन नावांपैकी जे आधी येतं त्यावरचं बोट पुढे सरकवायचं. सारखी आली तर टिपून घ्यायची आणि दोन्ही बोटं पुढे. एवढाच नियम. भाचीला आम्ही खरोखरच दोन कागदांवर करायला लावलं. ॲक्वाच्या कागदावर वर आनंदनगर, आयडियल कॉलनी, कल्याणीनगर. पर्पलच्या कागदावर कसबा पेठ, कासारवाडी, खडकी. आनंदनगर आणि कसबा पेठ: ‘आ’ आधी, डावं बोट पुढे. आयडियल कॉलनी: पुन्हा डावं. कल्याणीनगर आणि कसबा: ‘कल्’ आधी, डावं. गरवारे कॉलेज आणि कसबा: आता उजवं. मग कासारवाडी आणि खडकीही मागे पडतात, उजवं बोट जिल्हा न्यायालयावर येऊन थांबतं. गरवारे गेलं, छत्रपती संभाजी उद्यान गेलं, आणि नवव्या तुलनेत दोन्ही बोटं जिल्हा न्यायालयावर! शेवटपर्यंत गेल्यावर एकूण तुलना झाल्या २६.

बोटं कधी मागे जात नाहीत, यातच सगळं आलं. डावं बोट आनंदनगरवरून पुढे सरकलं त्या क्षणी ‘आनंदनगर पर्पलवर नाही’ हे पक्कं झालं, तेही एका तुलनेत. कारण उजव्या यादीतलं सगळ्यात आधीचं नावही त्याच्यानंतर येतं. क्रम लावलेला असला की एका नजरेत पुढच्या सगळ्या यादीबद्दल बोलता येतं.

क्रम लावायला कष्ट पडतात, ते फुकट नाहीत. पण एक लाखाची यादी लावायला चांगल्या पद्धतीनं साधारण सतरा लाख तुलना लागतात. दोन याद्यांच्या चौतीस लाख, वर बोटं सरकवायच्या फार तर दोन लाख. एक हजार कोटींच्या पुढे हे काहीच नाही. पायथॉन क्रम लावताना जी पद्धत वापरत आलं ती टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिली आणि तिला त्यांच्याच नावावरून टिमसॉर्ट म्हणतात. यादीत आधीच लागलेले तुकडे असतील तर ती त्यांचा फायदा घेते.

एक गंमत. कॉम्प्युटरची बाराखडी आणि शब्दकोशाची बाराखडी तंतोतंत एक नाही. आपण ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर म्हणतो. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला देतो त्या क्रमांकांत तो ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसलाय. बोटांच्या खेळाला यानं काही फरक पडत नाही. कुठलाही क्रम चालतो, दोन्ही याद्यांना एकच असला म्हणजे झालं. पण हीच यादी छापून सोसायटीच्या फलकावर लावणार असाल तर कुणी ना कुणी आजोबा चूक काढणारच.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, आणि पायथॉनमध्ये प्रत्यक्षात तोच वापरतात. त्याची कल्पना अशी की वस्तू शोधायचीच नाही. वस्तूकडे पाहूनच तिची जागा कळली पाहिजे.

पोस्टातली पत्रांची वर्गवारी आठवा. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. ४११०३८ वाचलं की पत्र कुठल्या खणात टाकायचं ते पत्रावरच लिहिलेलं असतं. पहिला ४ पश्चिमेकडचा, ४११ पुण्याचा, उरलेले आकडे कोथरूडचे. वर्गवारी करणाऱ्याला आधीची हजार पत्रं चाळावी लागत नाहीत.

स्टेशनांच्या नावांवर पिनकोड नसतो, पण आपण तयार करू शकतो. मी भाचीला आठ खण काढायला सांगितले. नियम एकच: नावाचं पहिलं अक्षर ज्या वर्गात, तो खण. स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य-र-ल-व, आणि शेवटी श-ष-स-ह. शाळेत घोकलेल्या वर्णमालेचा असा उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

ॲक्वाची १६ स्टेशनं खणांत टाकली. स्वरांत आनंदनगर आणि आयडियल कॉलनी. क-वर्गात गरवारे कॉलेज आणि कल्याणीनगर. च-वर्गात छत्रपती संभाजी उद्यान आणि जिल्हा न्यायालय. ट-वर्गात एकटं डेक्कन जिमखाना, त-वर्गात एकटा नळ स्टॉप. प-वर्गात चार: पुणे महानगरपालिका, मंगळवार पेठ, पुणे रेल्वे स्टेशन, बंडगार्डन. य-र-ल-वमध्येही चार: वनाझ, रुबी हॉल, येरवडा, रामवाडी. श-ष-स-हचा खण रिकामा.

आता पर्पलचं एकेक नाव घ्यायचं आणि फक्त त्याच्या खणात डोकवायचं. संत तुकाराम नगर: ‘स’चा खण रिकामा. तुलना शून्य, उत्तर ‘नाही’. शिवाजीनगर, स्वारगेट: तसंच. दापोडी: त-वर्ग, तिथं फक्त नळ स्टॉप, एक तुलना. खडकी: क-वर्ग, दोन. जिल्हा न्यायालय: आधी छत्रपती, मग स्वतः, दुसऱ्या तुलनेत ‘आहे’. सगळ्यांची बेरीज तिनंच केली. तेहतीस.

२२१ वरून ३३. स्टेशनं तीच, मशीन तेच, आणि क्रमही कुठं लावला नाही.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, “पण मामा, ‘प’च्या खणात फारच गर्दी आहे.”

बरोबर पकडलं तिनं. पर्पलची पीसीएमसी, भोसरी, फुगेवाडी, बोपोडी, मंडई ही पाचही नावं प-वर्गात जातात आणि प्रत्येकाला तिथल्या चौघांशी ताडावं लागतं. तेहतिसातल्या वीस तुलना या एका खणातल्या. म्हणजे आमचा नियम ठीकठाक होता, चांगला नव्हता. चांगला नियम तो, जो नावं सगळ्या खणांत सारखी पांगवतो. म्हणून कॉम्प्युटर पहिल्याच अक्षरावर थांबत नाही. नावातली सगळी अक्षरं घेऊन, त्यांचे आकडे करून, ते उलटसुलट कालवून एक मोठी संख्या काढतो आणि तिच्यावरून खण ठरवतो. एक अक्षर बदललं तरी संख्या पार वेगळी येते. या कालवण्याला हॅश म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थही बारीक चिरून एकत्र करणं असाच. खण निम्म्याहून जास्त भरत आले की पायथॉन आणखी मोठं कपाट घेतं आणि सगळं नव्यानं लावतं, त्यामुळे गर्दी सहसा होत नाही.

ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली कंपनीअंतर्गत टिपणात मांडली होती. तेच लून, ज्यांच्या पद्धतीनं आजही क्रेडिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा आकडा तपासतात. नंबर टाईप करताना एक आकडा चुकला की वेबसाइट लगेच कुरकुरते, ती त्यांची कृपा.

पायथॉनमध्ये या खणांच्या कपाटाला सेट म्हणतात. २००४ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून तो भाषेतच आहे. यादी सेटमध्ये टाकायची आणि मग तोच ‘इन’ वापरायचा. शब्द तोच, पण यादीपुढे ‘इन’ म्हणजे अख्खी गल्ली चालणं आणि सेटपुढे ‘इन’ म्हणजे थेट खणात हात घालणं. सेट फेरीच्या बाहेर एकदाच बनवा. दर फेरीला नवा सेट बनवला तर कपाट लावण्यातच दिवस जायचा. दोन्ही याद्यांचे सेट केले तर मध्ये ‘अँड’चं चिन्ह टाकलं की सामाईक भाग एका फटक्यात मिळतो. गणितात शाळेत शिकलेला छेद, तोच हा.

सेटचे दोन स्वभाव मात्र ओळखून ठेवावेत. एक, त्याला क्रम नसतो. नावांचा सेट छापला की आज एक क्रम दिसतो आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला की दुसराच. नवशिक्यांना वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. हे मुद्दाम केलेलं आहे. कालवण्याचा नियम बाहेरच्याला माहीत असेल तर तो ठरवून एकाच खणात जाणारी हजारो नावं पाठवू शकतो, आमच्या प-वर्गासारखी, आणि सर्व्हर त्या गर्दीत अडकतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये हा धोका जाहीरपणे मांडला गेला. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथॉन प्रोग्रॅम दर वेळी सुरू होताना कालवणात वेगळी चिमूट टाकतं. क्रम हवाच असेल तर मूळ यादीवरून चाला आणि फक्त ‘आहे का’ विचारायला सेट वापरा. उत्तर यादीच्या क्रमानं येतं.

दोन, सेटमध्ये एक गोष्ट एकदाच राहते. स्टेशनांना ते चालतं. पण माझ्या पिशवीत बाकरवडीचे तीन पुडे आणि बहिणीच्या पिशवीत दोन, तर सामाईक किती? सेट म्हणेल ‘बाकरवडी’, बस. ‘दोन’ हे उत्तर हवं असेल तर मोजदाद ठेवणारा काउंटर वापरावा लागतो. तो प्रत्येक वस्तूची लहान संख्या घेतो. कुठलं उत्तर हवं ते प्रोग्रॅम ठरवत नाही, आपण ठरवायचं असतं.

इथंपर्यंत सगळं तुलना वाचवण्याबद्दल होतं. पण तुलना म्हणजे तरी काय? दोन गोष्टी ‘सारख्या’ कधी? मी इथंच तोंडावर आपटलोय.

आमच्या सोसायटीचा गणपती असतो. एका वर्षी हौसेनं मी दोन वर्षांच्या वर्गणीच्या याद्या घेतल्या, सेट केले, आणि सलग दोन्ही वर्षं देणाऱ्यांची नावं फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुऱ्हाडे काकू. “सोसायटी झाल्यापासून देतोय आम्ही. तुमचा कॉम्प्युटर ओळखत नाही वाटतं?”

दोन्ही याद्यांत त्यांचं नाव होतं, स्क्रीनवर अक्षर न् अक्षर सारखं. पण एक यादी एकानं मोबाइलवर टाईप केली होती, दुसरी दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर. आणि मराठीतला हा ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे एकच अक्षर घेऊन, साध्या ‘र’खाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन, किंवा ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकून. डोळ्याला तिन्ही एकच. मशीन आतले क्रमांक बघतं, त्याच्या लेखी ही तीन वेगळी माणसं. पहिल्या दोन तऱ्हा एक करायची सोय पायथॉनमध्ये तयार आहे, युनिकोडच्या नियमांनुसार नावं एका साच्यात आणणारी. तिसरी त्या साच्यात येत नाही, ती हातानं बदलून घ्यावी लागते. चऱ्होलीचा पत्ता असलेल्या कुठल्याही यादीत हेच होईल.

बाकीचे चोर साधे आहेत. ‘मंडई’च्या पुढे चुकून पडलेली एक स्पेस. एकीकडे पिनकोड देवनागरी आकड्यांत, दुसरीकडे इंग्रजी. (संख्येत बदलून घेतले तर पायथॉन दोन्ही वाचतं, हे बरं.) आणि शेवटी खुद्द जिल्हा न्यायालय. ते स्टेशन आधी सिव्हिल कोर्ट होतं आणि निम्मं पुणं आजही तेच म्हणतं. भाचीनं एक यादी जुन्या फोटोवरून आणि दुसरी नव्या फलकावरून उतरवली असती, तर जगातला सगळ्यात वेगवान सेटही छातीठोकपणे सांगता की या दोन लाइन कुठंच भेटत नाहीत. ‘नाही’ स्वस्त झालं की ते चुकीचंही झटक्यात मिळतं.

संध्याकाळ झाली तशी ती निघायच्या तयारीला लागली, पण हात अजून कीबोर्डवर. तिनं आता नवा खेळ काढला होता. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हाची स्टेशनं घेऊन बघू म्हणाली. तेव्हा ॲक्वावर वनाझ ते गरवारे कॉलेज अशी पाच आणि पर्पलवर पीसीएमसी ते फुगेवाडी अशी पाच, एवढीच चालू होती. तिनं दोन सेट केले, मध्ये चिन्ह टाकलं, एंटर मारलं.

पडद्यावर ‘सेट’ हा शब्द आणि पुढे रिकामा कंस.

“बिघडलं परत.”

“बिघडलं नाही. रिकामा सेट असाच छापतात. नुसता महिरपी कंस छापला असता तर तो रिकामा शब्दकोश, म्हणजे पायथॉनची डिक्शनरी, वाटला असता, म्हणून नाव लिहून सांगतंय.”

“म्हणजे सामाईक काहीच नव्हतं?”

“१ ऑगस्ट २०२३ ला सिव्हिल कोर्ट सुरू होईपर्यंत काहीच नव्हतं.”

तिनं लॅपटॉप मिटला, सॅकमध्ये कोंबला, चप्पल घालता घालता थांबली.

“मग तेव्हा मी तुमच्याकडे कशी यायचे?”

“बसनं. आणि दर वेळी उलटी करायचीस.”